नाइट ड्यूटीला कोण?

आमच्या फॅमिली ग्रुपवर हल्ली गुड मॉर्निंगच्या गुलाबांऐवजी वृद्धाश्रमांची ब्रोशर्स येतात. दौंडचे काका, वय ७८, रेल्वेतून रिटायर्ड, काकू गेल्यापासून एकटे. दिवाळीनंतर बाथरूममध्ये पडले आणि तासभर तिथेच होते. दादा हिंजवडीत, वहिनीचं ऑफिस खराडीत, आणि दिवसभर बंद फ्लॅटमध्ये बसायला काका तयार नाहीत. मग काय, 'तू पत्रकार ना, जरा चौकशी कर' म्हणत फाइल माझ्या टेबलावर!

तर मंडळी, आपण सरसकट ज्याला वृद्धाश्रम म्हणतो, त्यात चार-पाच निरनिराळे प्रकार आहेत. ब्रोशरमधली हिरवळ मात्र सगळ्यांची सेम असते.

एक म्हणजे खास ज्येष्ठांचे गृहप्रकल्प. पुण्यात परांजप्यांचं 'अथश्री' बहुतेकांना ऐकून माहीत असतं. आपला फ्लॅट, आपलं किचन, शेजारी समवयस्क. २०२४ मध्ये महारेराने अशा प्रकल्पांसाठी नियमही आणले. रॅम्प हवा, दारं व्हीलचेअर जाईल एवढी रुंद हवीत वगैरे. मस्तच! पण हे मुख्यतः हिंडत्याफिरत्या माणसांसाठी, आणि दौंडचं घर विकल्याशिवाय आमच्या आवाक्यात नाही.

मग फी घेणारे नेहमीचे वृद्धाश्रम. डिपॉझिट, दरमहा पैसे, खोली, जेवणखाण. इथे फॉर्मवरची बारीक अक्षरं वाचाच. 'स्वतःची कामं स्वतः करता आली पाहिजेत' ही अट बऱ्याच ठिकाणी असते. म्हणजे उद्या माणूस अंथरुणाला खिळला, की 'घेऊन जा' असा फोन! त्यापुढची पायरी असिस्टेड लिव्हिंग. आंघोळीला हात देणारं, गोळ्या वेळेवर देणारं कुणीतरी असतं. आणि शेवटची नर्सिंग केअर. नळीवाटे जेवण, डायपर, डिमेन्शिया. खर्च पायरीगणिक चढत जातो, हे सांगायला नकोच.

ज्यांना कुणीच नाही, त्यांची गोष्ट वेगळी. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला सिस्टर लुसी कुरियन यांनी १९९७ मध्ये 'माहेर' सुरू केलं, ते मुळात अत्याचारग्रस्त बायकांसाठी. पुढे तिथे मुलं, निराधार म्हातारी माणसंही आली. काकांना पेन्शन आहे, मुलगा आहे. ते या रांगेत बसत नाहीत, आणि बसूही नये.

काकांनी खरा इंटरेस्ट घेतला तो कायद्यात. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा म्हणतो, की सांभाळायच्या अटीवर घर मुलाच्या नावावर केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं. मात्र ती अट कागदावर असलेली बरी. मी हे वाचून दाखवत होते, तेव्हा दादाला अचानक चहा टाकायची आठवण झाली.

शिरूरच्या आजीने (आईची आई, ८४) मात्र सगळी ब्रोशर्स चष्मा न लावताच परत केली. २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट आहे, त्यामुळे ती मनात आलं की रांजणगावच्या गणपतीला जाऊन येते. "मला कुठं ठेवायचं ते तुम्ही ठरवू नका गं," म्हणाली. तिच्याकडे सकाळी कामाला एक मावशी येते, वाटेवरची शेजारीण दारातून हाक मारून जाते. हा प्रकार कुठल्याच ब्रोशरमध्ये नाही. रात्री नऊनंतर मात्र तिच्याकडेही कुणी नसतं, आणि आईला झोप लागत नाही ती त्यामुळेच.

शेवटी नगर रोडवरच्या एका ठिकाणी काकांना घेऊन गेले. मॅनेजरबाईंनी योगा हॉल दाखवला, लायब्ररी दाखवली, तुळशीवृंदावन दाखवलं. काका सगळं बघून म्हणाले, "नाइट ड्यूटीला कोण असतं?"

"वॉचमन आहे ना!"

"वॉचमन गेटवर. वर कोण?"

बाई म्हणाल्या, विचारून सांगते.

गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "आयुष्यभर दौंड जंक्शनला रात्रपाळ्या केल्यात. दिवसा सगळीच स्टेशनं चांगली चालतात. पुढचं ठिकाण रात्री दहाला बघू, न कळवता." शनिवारी जातोय. दादालाही बरोबर यायला सांगितलंय.