काच साफ करणारा मासा

आज उसाचं नाही, घरातल्या माशांच्या टाकीचं सांगतो. गाडी शेवटी खतावरच येणार आहे, तेवढं वाचा.

दोन फुटी टाकी, त्यात धाकटीचे चार गोल्डफिश. महिन्यातच काच हिरवीगार. दुकानदार म्हणाला, "अल्गी ईटर न्या, शेवाळ खातो." दोन इंचाचा पिवळाधमक मासा. म्हणलं, मित्रकीटक असतो तसा हा मित्रमासा.

नाव चायनीज अल्गी ईटर, पण गडी मूळचा थायलंड, लाओस, कंबोडियाकडच्या वाहत्या नद्यांचा. तोंडानं काचेला चिकटून खरवडत जातो. तोंड असं गुंतलेलं, मग श्वास कुठून घेतो? त्याच्या कल्ल्यावर वरच्या बाजूला वेगळी फट असते, तिथून पाणी आत घेतो. मी अर्धा तास नुसता बघत बसलो होतो. पहिले चार-पाच महिने काच खरंच लख्ख.

मग पोरगा वयात आला! पाच इंच झाला, शेवाळ सोडून गोल्डफिशच्या दाण्यावर पडायला लागला. एक कोपरा आपला धरला, बांधावरून भांडणाऱ्या भावकीसारखा. कुणी जवळ आलं की अंगावर. त्याहून वाईट म्हणजे रात्री गोल्डफिशच्या कुशीला चिकटून अंगावरचा बुळबुळीत थर खरवडायचा. गोल्डफिश संथ, रुंद अंगाचा, त्याला पळता येत नाही. खवले गेले, लाल चट्टे पडले, वर बुरशी. एक मेला. पोरगी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. चूक माशाची नव्हतीच. तो पूर्ण वाढला तर २८ सेंटिमीटरपर्यंत जातो, जात मोठी झाली की भांडकुदळ होते, हे आणण्याआधी मी विचारायला हवं होतं.

त्याला वेगळ्या टाकीत टाकलं आणि शेवाळ पुन्हा आलं. दाणा कमी केला, टाकी खिडकीपासून हलवली, दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदललं. तरी हिरवंच. ओळखीच्या कृषी सहायकांना फोटो पाठवला, तर त्यांनी उलट विचारलं, "पाणी कुठलं घालता?"

विहिरीचं. विहीर उसाच्या उताराला.

टाकीत माशांच्या घाणीचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढं नायट्रेट करतात. रानात युरियाचंही शेवटी नायट्रेटच होतं. माती ते धरून ठेवत नाही, मोकळं पाणी सोडलं की खाली जातं. म्हणजे शेवाळ हटवायला मी दर आठवड्याला बादलीनं खतच ओतत होतो!

पाणी तपासायला दिलं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. आमचं वर होतं. वस्तीवर आम्ही तेच पितो. भावाचं बाळ चार महिन्यांचं, वरच्या दुधाची पावडर त्याच पाण्यात. एवढ्या लहान बाळाच्या रक्तात नायट्रेटमुळं ऑक्सिजन कमी पडू शकतो, अंग निळं पडतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी तर उकळून घेते." उकळल्यानं नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. त्या दिवशी पोटात गोळा आला. बाळाला डॉक्टरांना दाखवलं, ठीक आहे. आता पिण्याचं पाणी गावातल्या नळावरून, तेही तपासूनच.

युरिया आता एकदम फेकत नाही, ड्रिपमधून थोडा थोडा देतोय. विहिरीचा पुढचा नमुना पावसाळ्यानंतर.

मासा अजून आहे, एकटाच, दगडाखाली. शेजारच्या तात्यांनी सुचवलं, "शेततळ्यात सोड की." नाही सोडणार. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात सकर मासा येतोय, तोही टाकीतलाच. शेततळं ओसंडलं की ओढा, ओढ्यातून नदी. सध्या काकडीची चकती दिली की दगडाखालून बाहेर येतो. धाकटी अजून त्याच्याकडं बघत नाही.