इंद्रायणीच्या काठाने (भाग दुसरा)

मंगळवार, देहू

दुपारी शिळा मंदिरात गेले. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्यावर तुकोबा या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले होते, असं परंपरा सांगते. आपण ही कथा सांगतो ती वह्या तरल्या म्हणून. मी आज मधल्याच दिवसांपाशी अडकले. सातव्या, नवव्या दिवशी त्यांना कुठे ठाऊक होतं, वह्या वर येणार आहेत ते?

ते दिवस त्यांनी मुकाट्याने काढले नाहीत. विठ्ठलाशी भांडले, त्याला बोल लावले. पण भांडले ते त्याच्याच दारात धरणं धरून.

धाकट्या भावाच्या आजारपणात मी देवाला फार विनवलं होतं. भाऊ गेला. त्यानंतर हरिपाठ तोंडाने चालू राहिला, मन मात्र त्यात उतरेना. देवाला जाब विचारायचा नसतो, अशीच आमच्या घरची शिकवण. आज शिळेसमोर बसून पहिल्यांदा मनातल्या मनात विचारला. उत्तर आलं नाही. तरी उठावंसं वाटेना.

संध्याकाळी घाटावर आले. पाण्यावर जलपर्णी दाटली होती; तीर्थ म्हणून ओंजळ भरायला हात धजेना, आणि त्याचं फार वाईट वाटलं. याच नदीत तुकोबांनी आधी स्वतःच्या हाताने कर्जखतं सोडली होती. १६३० च्या दुष्काळात धंदा बसला, पहिली पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतू गेले. पुढे खतांतला धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याला देऊन आपला वाटा त्यांनी पाण्यात टाकला. ते त्यांनी आपल्या खुशीने सोडलं होतं. वह्या सोडायला लावल्या गेल्या, त्याही धर्माच्या नावाने. माझ्या मते खरा घाव तो होता.

बुधवार, भंडारा डोंगर

सकाळीच चढायला लागले. तुकोबा चिंतनाला इथे येऊन बसत आणि त्यांची दुसरी पत्नी जिजाई, म्हणजे आवली, त्यांना शोधत भाकरी घेऊन येई. वाटेत तिच्या पायात काटा रुतला आणि खुद्द विठ्ठलाने तो काढला, ही कथा इथे सगळ्यांना पाठ आहे. कीर्तनांतून आवलीला कजाग म्हणून रंगवतात, याचा मला राग येतो. घरात दाणा नाही, पोरं लहान, नवरा डोंगरावर. विठ्ठलाला ती शिव्या देई. तरी त्याचंच नाव घेणाऱ्या माणसासाठी भाकरी थापून उन्हात हा चढ चढे. तिची निष्ठा मला तुकोबांच्या निष्ठेहून तसूभरही कमी वाटत नाही.

वर परभणीकडच्या एक आजी भेटल्या. चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीने बांधलेला. फडक्यातली भाकरी मोडून अर्धी त्यांनी माझ्या हातावर ठेवली, वर ठेच्याचं बोट. "सोयाबीन समदं पाण्यात गेलं, माउली," त्या म्हणाल्या. मग तरीही कशा आलात, असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. "ही का पिकासाठी घातली व्हती?"

मला पुढे काही विचारता आलं नाही. दोघी पायऱ्यांवर बसून भाकरी खाल्ली.

गुरुवार, सुदुंबरे

संताजी जगनाडे यांच्या समाधीचं दर्शन घेतलं. चाकणचा हा तेली तुकोबांचे अभंग लिहून घेत असे. वह्या पाण्यात असताना लोकांच्या तोंडी अभंग होतेच. आणि संताजींसारखे लिहिणारे हातही होते. शिळेवर बसलेल्या तुकोबांना तेव्हा याचा किती आधार वाटला असेल कोण जाणे. मला आज वाटला. रात्री मुक्कामावर हरिपाठ म्हटला, सावकाश, भावाचं नाव घेऊन.

उद्या वाघोली. वह्या बुडवायला लावणारे रामेश्वर भट्ट तिथले. पुढे तेच तुकोबांचे शिष्य झाले, आणि गावोगावी म्हटली जाणारी तुकोबांची आरती त्यांचीच. त्यांच्या गावात मला थोडं थांबायचं आहे.

(क्रमशः)