दुधाच्या चौकटीतली खूण

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रात्री साडेआठला एक बारीकसा आवाज होतो. औषधाच्या बाटलीत बिनसुईची सिरिंज बुडते, दट्ट्या मागे येतो आणि आतला बुडबुडा निघावा म्हणून सून नखाने टिचकी मारते. ती ऐकली की सात वर्षांची नात खेळ टाकून येते, चिमणीच्या पिलासारखी चोच वासते. मग भिंतीवरच्या कालनिर्णयात, आजच्या चौकटीत, दुसरी खूण होते. पहिली सकाळी साडेआठची. पूर्वी त्या चौकटीत दुधाचा हिशेब असे.

नातीला अपस्मार आहे. माझ्या माहेरी फेफरे म्हणत. शेजारच्या बेन 'वाई' म्हणतात, झटका आला की 'खेंच'. शब्द कुठलाही असो, तो उच्चारताना माणसांचा आवाज खाली येतो. आजाराची अशी कुजबुज झाली की औषधाचा हिशेबही एकटीच्या डोक्यात राहतो. आमच्याकडे तो सुनेच्या डोक्यात होता.

मागच्या वर्षी नवरात्रात तिच्या वडिलांचे ऑपरेशन होते. "आई, एक चमचा सकाळी, एक रात्री," एवढे सांगून ती घाईने निघाली. चमचा म्हणजे बाटलीबरोबरचा, हे सांगायचे राहिले. मी पोहे खायचा घेतला. बडोद्यातले नवरात्र! ढोल सुरू झाला की मुलांचे पाय घरात ठरत नाहीत. दोन रात्री नात उशिरापर्यंत गरब्यात होती. तिसऱ्या रात्री औषधाआधीच झोपली. तिला उठवणे माझ्या जिवावर आले. राहू दे, सकाळी देऊ, म्हटले.

पहाटे तिचे अंग ताठले.

कुणी कांदा आणला, कुणी चप्पल. मी तिच्या दातांत बोट घालायला निघाले होते. यातले काहीही करायचे नसते. मुलाला कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही ठेवायचे, तोंडात काही घालायचे नाही आणि घड्याळ बघायचे. पाच मिनिटांपुढे झटका चालला तर तडक दवाखाना गाठायचा. तिचा त्याआधीच थांबला.

चुकलेला डोस आणि अपुरी झोप, दोन्ही झटक्याला बोलावणारी. चमचे तर घरोघर निराळे, आणि तिच्या लेव्हेटिरॅसिटामच्या एका मिलिलिटरात 100 मिलिग्रॅम औषध असते. मुलांचा डोस वजनावर ठरतो, म्हणून मूल वाढले की तोही बदलतो. नवी बाटली आणायला जुनी संपेपर्यंत थांबायचे नाही, औषध एकाएकी तोडायचे नाही. नियमित, योग्य औषधाने अपस्मार असलेल्यांपैकी 70 टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे वाचले तेव्हा मला त्या पोह्यांच्या चमच्याचे फार वाईट वाटले.

सून मला एक शब्द बोलली नाही. तिने कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला: औषधाचे नाव, किती मिलिलिटर, किती वाजता, उलटी झाली किंवा डोस चुकला तर कुणाला फोन करायचा. मग मला आणि मुलाला समोर बसवून सिरिंजमध्ये पाणी भरायला लावले. माझा हात थरथरतो. रेघेवर यायला चार दिवस लागले.

यंदा नवरात्रात नात औषध घेऊन आरतीला गेली, दोन फेर धरले आणि साडेनऊला घरी आली. झटका येऊन आता चौदा महिने झाले. दोन वर्षे अशीच गेली तर औषध कमी करता येईल का ते पाहू, असे डॉक्टर म्हणतात. चौकटीत आता तीन हातांच्या खुणा दिसतात: सुनेची बरोबरची, मुलाची फुली, माझे टिंब.

आज रात्रीचे टिंब मी दिले आहे.