फडक्यातली कॉफी

चहा हा घरचा माणूस आणि कॉफी ही पाहुणी, अशी आपल्या मराठी घरांची जुनी वहिवाट. चहा दिवसातून चार वेळा येतो नि जातो. त्याचे कोणाला कौतुक नाही. कॉफी यायची ती कुणाचे जागरण, कुणाचे दुखणे, नाही तर मुलगी पाहायला आलेली मंडळी, अशा निमित्ताने; आणि तीही जायफळाचे अत्तर लावून!

अलीकडे ही पाहुणी आपल्याकडे मुक्कामालाच आली आहे. तिने बरोबर सामानही पुष्कळ आणले आहे, आणि त्यात प्लॅस्टिकच फार. उकळते पाणी आणि प्लॅस्टिक यांची सोयरीक मला मुळीच पसंत नाही. तापलेल्या प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण पेयात उतरतात, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. शिवाय मी राहतो भिवंडीला. जिथे यंत्रमागांचा खडखडाट कानांत भरून राहतो आणि कापडाचे तागेच्या तागे बाहेर पडतात, तिथे कॉफी गाळायला प्लॅस्टिक विकत आणायचे, म्हणजे गंगेच्या काठी विहीर खणण्यासारखेच नव्हे काय?

श्रीखंडाचा चक्का आपण बांधतो कशात? फडक्यातच ना? तसेच एक पातळ सुती फडके कॉफीसाठी वेगळे ठेवावे. कापड कोरे असेल तर त्यात खळ असते; ते आधी दोनतीन पाण्यांत उकळून घ्यावे. साबण लावू नये, नाही तर कॉफीला धोबीघाटाची चव येते. फडके पातेल्यावर सैलसर बांधावे, माणशी दोन चमचे जाडसर पूड घालावी आणि आधण उतरवून अर्ध्या मिनिटाने पाणी हळूहळू ओतावे.

फडक्याचीही दगदग नको असेल, तर उतरवलेल्या आधणातच पूड टाकून पाच मिनिटे झाकण ठेवावे. गाळ खाली बसतो. वरची निवळ अलगद ओतून घ्यावी. आणि थोडा खर्च करायची तयारी असेल, तर दाक्षिणात्य घरांतले दुमजली फिल्टर माटुंग्याहून आणावे. वरच्या मजल्यावर पूड नि उकळते पाणी, खालच्या मजल्यावर थेंब थेंब अर्क! भांडे स्टीलचे घ्यावे. पितळेचे घेतलेच, तर आतून कल्हई आहे ना ते पाहावे.

"पण एवढा वेळ आहे कुणाला?" आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न.

प्रश्न रास्त आहे. पण आमची मुलगी पुढच्या वर्षी शिक्षणासाठी परगावी जाणार आहे. एरवी तिचे उत्तर 'हो' आणि 'नाही' यांच्या पलीकडे जात नाही. फडक्यातून कॉफी ठिबकत असते तेव्हा मात्र ती ओट्याला टेकून उभी राहते आणि बोलू लागते. आधी मैत्रिणींविषयी, मग परीक्षेविषयी, आणि परवा हळूच म्हणाली, "बाबा, तिथे एकटीला करमेल का हो मला?" यंत्राची कॉफी मिनिटभरात होते. मिनिटभरात एवढे कुठले बोलून व्हायला?

म्हणून हल्ली मी पाणी जरा जास्तच हळू ओततो.