मागच्या पुस्तकातलं काय आठवतं?

कोणती कादंबरी वाचू, असं आता विद्यार्थी आणि त्यांचे पालकही मला विचारतात. मी सांगतो ते माझं नाही. औरंगपुऱ्यातल्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्या ग्रंथपाल बाईंचं ते देणं आहे. नाव छापलेलं त्यांना रुचणार नाही, म्हणून इथे नुसतं बाई म्हणतो.

2005 साली मी दहावीत होतो. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. वर्गातली हुशार मुलं नेमाड्यांच्या ‘कोसला’बद्दल बोलत, म्हणून मीही ती मागितली. बाईंनी काही न बोलता दिली. आठ दिवसांनी परत केली तेव्हा माझी जेमतेम दहा पानं झाली होती.

“कशी वाटली?”

“भारी.”

“काय आठवतं त्यातलं?”

मला काहीच सांगता येईना. बाई रागावल्या नाहीत. कार्डावर नोंद केली, कपाटापाशी गेल्या आणि मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ घेऊन आल्या. ती आदल्याच वर्षी आली होती. “वीस पानं वाच. नाही आवडली तर परत आण. आवडली असं खोटं मात्र सांगू नको.”

आणीबाणीच्या काळातली, नववीतली ती मुलं माझ्याच बाकावरची वाटली. वर्गातल्या एका मुलीचं नाव मी घरात चुकूनही घेत नसे. ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती, तिच्यावर कुणीतरी अख्खं पुस्तक लिहिलं होतं. अण्णांच्या दुकानात कापडाच्या ताग्यांआड बसून मी ते दोन दिवसांत संपवलं.

अण्णा शिंपी. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्यांची एक मशीन होती. तयार कपड्यांची दुकानं वाढली आणि शाळांचे गणवेशही कंत्राटदाराकडून येऊ लागले. अण्णा दिवसभर मशीनशी बसून राहत, घरी आल्यावर कुणाशी बोलत नसत. एकदा बाईंनी विचारलं, “घरी आणखी कोण वाचतं?” मी म्हणालो, “अण्णा, पण फक्त पेपर.” त्यांनी माझ्या कार्डावर रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ दिली. “त्यांना दे. शिंप्याच्या घराची गोष्ट आहे.”

आता कबूल करतो. ते पुस्तक मी दोन दिवस दप्तरातच ठेवलं. माझं कार्ड अडकलं याचा राग होता. शिवाय सातवी शिकलेल्या माणसाला कादंबरी काय कळणार, असंही वाटत होतं. जन्मदात्याबद्दल असं वाटलं, याची खंत अजून जात नाही.

अण्णांना ती वाचायला महिना लागला. खूण म्हणून त्यांनी गणवेशाच्या खाकी कापडाची चिंधी घातली होती. रोज ती चार-सहा पानं पुढे सरके. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “हे बाईमाणसानं लिहिलंय का?” 1971 सालच्या या कादंबरीत शिंप्याच्या संसाराची पडझड त्याची बायको सांगते, आपल्या मराठवाडी बोलीत. मी म्हणालो, “नाही, बोराडे सरांनी. इथंच राहतात ते.” अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तिला सगळं दिसत होतं म्हणजे.” त्या रात्री त्यांनी आईसमोर उधारीची वही उघडली. तोवर तिला कर्जाचा आकडा माहीत नव्हता.

“त्या सरांना एकदा भेटव,” असं अण्णा पुढे दोन-तीनदा म्हणाले. मी आज-उद्या करत राहिलो. 11 फेब्रुवारी 2025 रोजी बोराडे सर गेले. एका शिंप्याचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचवणं माझ्या हातात होतं, ते मी केलं नाही.

शिक्षक झालो तेव्हा मोठ्या उत्साहानं नववीच्या वर्गासाठी कादंबऱ्यांची यादी केली. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ सगळ्यांना एकदम वाचायला लावली. बहुतेकांनी दुसऱ्याच्या वहीतून सारांश उतरवला. यादी घेऊन बाईंकडे गेलो. त्या तेव्हा निवृत्तीला आल्या होत्या. यादी वाचून म्हणाल्या, “पुस्तकं चांगली निवडलीस. मुलांना काही विचारलंस का?”

तेव्हापासून आधी विचारतो. मागच्या पुस्तकातलं काय आठवतं? घरी काय चाललंय? वाळूजच्या कंपनीत रात्रपाळी करून कॉलेजला जाणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला नवनाथ गोरेंची ‘फेसाटी’ दिली. जत तालुक्यातल्या गरीब घरातल्या मुलाची शिक्षणासाठीची झुंज वाचून त्यानं स्वतःहून दुसरं पुस्तक मागितलं. जायकवाडीच्या पाण्यात ज्यांच्या आईवडिलांचं गाव गेलं, त्या सहकाऱ्याला कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ दिली. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणामुळे उठलेल्या माणसांची आणि मागे राहिलेल्या जनावरांची आहे. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ मला फार मोलाची वाटते. शेतकऱ्याच्या घरातली घुसमट तिच्याइतकी थोड्याच पुस्तकांत उतरली आहे. पण कर्जापायी ज्या घरात नुकतंच माणूस गेलंय, तिथे मी ती लगेच देत नाही. थांबणंही बाईंकडूनच शिकलो.

12 ऑगस्ट हा आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्या दिवसाची वाट पाहू नका. योग्य वेळी योग्य पुस्तक तुमच्या हाती देणारं माणूस हयात असेल, तर त्याला जाऊन सांगा की ते पुस्तक तुम्हाला लागलं. बोराडे सरांच्या बाबतीत मला उशीर झाला. बाईंकडे या रविवारी जातो आहे, ‘रिंगाण’ घेऊन.