पाण्यातला वामनवृक्ष

साठी उलटल्यावर खरा वामनवृक्ष लावण्याचे धाडस आम्हां उभयतांना झाले नाही. खोड देखणे होईतो लागणारी २०-३० वर्षे आमच्या हिशेबात बसेनात. म्हणून माशांच्या काचपेटीसाठी आम्ही झाड रचावयास घेतले, तेही मेलेल्या लाकडाचे.

नदीने वाहून आणलेले ते वाकडे मूळ प्रथम तरंगतच राहिले. ३ आठवडे भिजत ठेवले. टॅनिन उतरून पाणी कोऱ्या चहासारखे झाले, तेव्हा कुठे ते बुडाले. फांद्यांच्या टोकांना आम्ही जावा मॉस काळ्या दोऱ्याने बांधले. (गोंदाचा कैवार घेणारेही आहेत, आम्हांस दोराच बरा वाटतो.) या शेवाळाला मुळे नसतात, केसांसारख्या तंतूंनी ते लाकूड धरते. मात्र वेळच्या वेळी कातरले नाही, तर खालच्या थराला उजेड मिळत नाही. तो तपकिरी पडतो आणि अवघा पर्णसंभार सुटून वर येतो. म्हणजे छाटणी काही चुकली नाही! मग याला खोटे झाड का म्हणावे, हे आम्हांस उमगत नाही. पाण्यात लाकूडही हळूहळू कुजतेच. आधी ते ढासळेल की कात्री धरणारे हात थरथरू लागतील, यावर आमच्यात दर रविवारी मतभेद होतात.