तीस रोजे आणि अंगातली वाफ

पाळी कायमची थांबली तेव्हा पहिला विचार आला तो रमजानचा. आता तीसच्या तीस रोजे होतील, कजाचा हिशेब नको! आमच्या कनेरगाव नाक्यावर बायका हे एकमेकींना हसत सांगतात. सोबत काय येतं, ते मात्र कोणी बोलत नाही. छातीतून एकदम वाफ उठते, चेहरा तापतो, दुपट्टा भिजतो आणि थोड्या वेळाने थंडी वाजते. वाशीमच्या बसमध्ये बुरख्यात असं झालं की जीव नकोसा होतो. रात्रीही दोन-तीनदा उठून बसायचे. नणंद म्हणाल्या, "वयाची गर्मी आहे, सब्जा पी." सब्जाने बरं वाटतं, पण पुढचं काही कळत नाही.

हिंगोलीला नर्सिंग शिकणाऱ्या भाचीने मला समजावलं. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतली तापमान सांभाळणारी जागा हळवी होते आणि जराशा उष्णतेनेही घाम सोडते. पण एवढ्यावर थांबू नका, साखर तपासा, असं तिचं म्हणणं. अमेरिकेतल्या 'स्वान' या अभ्यासात 42 ते 52 वयाच्या तीन हजारांवर स्त्रियांची आठ वर्षं पाहणी झाली. 2012 साली निष्कर्ष आले. वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांत शरीर इन्सुलिनला कमी दाद देत होतं. फरक लहान होता, पण हार्मोनचं प्रमाण हिशेबात धरूनही टिकला. वाफांमुळे मधुमेह होतो, असं याने सिद्ध होत नाही. मात्र रोज झोपमोड झाली की इन्सुलिनचं काम बिघडतं, हे खरं आहे.

"मी कुठे जाड आहे?" मी म्हटलं. त्यावर तिने पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण दिलं. 2004 साली त्यांनी आणि डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापं छापली. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2! आपण दिसायला बारीक, आतून चरबीचे. मी शिवणकाम करते, गावभरच्या कमरा मोजते. त्याच टेपने स्वतःची मोजली, 34 इंच. आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस.

उपाशीपोटी साखर 114 निघाली. शंभर ते सव्वाशे म्हणजे उंबरठा; 126 पासून मधुमेह. आता इशानंतर अर्धा तास चालते, भात निम्मा केलाय. वाफा पूर्ण गेल्या नाहीत, झोप बरी लागते.

काळजी नणंदेची आहे. आपा साखरेच्या गोळ्या घेतात, त्यांनाही घाम येतो आणि त्या 'तुझ्यासारखंच' म्हणतात. पण त्यांचे हात थरथरतात, भूक लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. ही साखर उतरल्याची खूण असू शकते. यंत्रावर 70 च्या खाली आकडा आला, तर लगेच साखरपाणी घ्यायचं, रोजा असला तरी सोडायचा. आजाऱ्याला दीनने सवलत दिलीच आहे. आपांना ते पटत नाही. "तू उंबरठ्यावर, मी घरात, मग मलाच का रोखतेस?" म्हणतात. शेवटी शाबानमध्ये गोळ्यांच्या वेळा विचारायला डॉक्टरकडे यायला तयार झाल्या, पण आधी मौलानांना विचारायचं, ही अट घालून. दोन्हीकडे मी सोबत जाणार आहे.